अमेरिकेत रोइंगच्या शिष्यवृत्तीवर शिकायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवी ते बारावीतल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी ही माहिती आहे. रोइंग, म्हणजे वल्ही मारून बोट पळवण्याच्या शर्यती, हा अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये पैसा असलेला, तरी आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नसलेला खेळ. टेनिस किंवा पोहण्यात पाचव्या-सहाव्या वर्षापासून तयारी केलेली मुलं पुढे असतात, पण रोइंग पंधराव्या वर्षी सुरू करूनही चांगल्या संघात पोचता येतं. त्यासाठी दोन कागद भक्कम लागतात, एक अर्गवरच्या (जमिनीवर वल्हवण्याचा सराव देणाऱ्या यंत्रावरच्या) वेळेचा आणि दुसरा शाळेच्या गुणांचा.

रोइंगसाठी खरंच शिष्यवृत्ती मिळते का?

मिळते, पण मुलींच्या आणि मुलांच्या संधीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

अमेरिकेत १९७२ मध्ये 'टायटल नाइन' हा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला त्यामुळे मुलींना खेळात मुलांइतकीच संधी द्यावी लागते. अमेरिकन फुटबॉलच्या एका संघात शंभराच्या आसपास मुलं असतात. तेवढ्या मुलींची संख्या भरून काढायला मोठा संघ लागणारा खेळ हवा आणि रोइंग त्यात नेमका बसतो. म्हणूनच फुटबॉलवर भरपूर खर्च करणाऱ्या टेक्सास, टेनेसी, ओहायो स्टेट, मिशिगन अशा विद्यापीठांत मुलींचे रोइंग संघ जोरात आहेत. एनसीएए म्हणजे कॉलेजांतल्या खेळांचे नियम ठरवणारी आणि स्पर्धा भरवणारी अमेरिकी संघटना. मुलींच्या रोइंगची पहिली एनसीएए स्पर्धा १९९७ मध्ये झाली.

डिव्हिजन वन, म्हणजे एनसीएएच्या सर्वात वरच्या गटातल्या एका संघाला २०२४-२५ पर्यंत २० पूर्ण शिष्यवृत्त्यांएवढी रक्कम वाटता येत असे. खेळाडू आणि एनसीएए यांच्यातल्या खटल्यात जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर चित्र बदललं. तडजोड स्वीकारलेल्या विद्यापीठांवर शिष्यवृत्तीच्या संख्येची मर्यादा उरली नाही. त्याऐवजी संघाच्या आकारावर मर्यादा आली, मुलींच्या रोइंगसाठी ती ६८ आहे. याचा अर्थ ६८ जणींना पूर्ण पैसे मिळतात असा मुळीच नाही. परवानगी वाढली, तिजोरी किती उघडायची ते प्रत्येक विद्यापीठ ठरवतं. म्हणून बोलणं सुरू झालं की कोचला थेट विचारा: तुमच्या विद्यापीठाने तडजोड स्वीकारली आहे का आणि आमच्या वर्षासाठी किती पैसा शिल्लक आहे?

मुलांचं काय?

मुलांचं रोइंग एनसीएएच्या अखत्यारीत येत नाही. त्यांची राष्ट्रीय स्पर्धा आयआरए, म्हणजे इंटरकॉलेजिएट रोइंग असोसिएशन भरवते. वॉशिंग्टन, कॅलिफोर्निया-बर्कली असे मोजके संघ काही मुलांना खेळाची शिष्यवृत्ती देतात. त्या जागांसाठी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जर्मनी इथले ज्युनियर जागतिक स्पर्धेतले रोअर रांगेत असतात. बहुतेक मुलांच्या बाबतीत रोइंगचा खरा उपयोग प्रवेशासाठी होतो. कोचचा शब्द प्रवेश कार्यालयात चालतो आणि पैसे गरजेवर किंवा गुणवत्तेवर मिळणाऱ्या मदतीतून येतात. मुलगा असेल तर हे गृहीत धरूनच कॉलेजांची यादी करा.

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन शिष्यवृत्ती देतात का?

खेळासाठी एक डॉलरही नाही. ही तिन्ही ज्या गटात येतात त्या आयव्ही लीगच्या आठही विद्यापीठांत खेळाची शिष्यवृत्ती नसते. तरी त्यांचे संघ कमकुवत नाहीत: याच गटातल्या ब्राउन विद्यापीठाच्या मुलींनी एनसीएएचं सांघिक विजेतेपद सात वेळा जिंकलं आहे.

या विद्यापीठांचा मार्ग वेगळा आहे. कुटुंबाचं उत्पन्न पाहून लागेल तेवढी मदत ते देतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, डार्टमथ आणि एमआयटी परदेशी विद्यार्थ्यांचा अर्ज तपासतानाही 'याला पैसे लागतील का' हे बघत नाहीत आणि या पाचही ठिकाणी रोइंगचे संघ आहेत. वर्षाला वीस-पंचवीस लाख कमावणाऱ्या घरासाठी इथली गरजेवरची मदत एखाद्या विद्यापीठाच्या निम्म्या शिष्यवृत्तीपेक्षा मोठी असू शकते. शिवाय ती खेळाशी बांधलेली नसते, दुखापत होऊन रोइंग सुटलं तरी चालू राहते. प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर 'नेट प्राइस कॅल्क्युलेटर', म्हणजे मदत वजा जाता घरून किती भरावे लागतील याचा अंदाज देणारा तक्ता असतो. कोचला पत्र लिहिण्याआधी त्यात स्वतःचे आकडे भरा.

डिव्हिजन थ्री कॉलेजांतही खेळाची शिष्यवृत्ती नसते. गुणवत्तेवरची आणि गरजेवरची मदत तिथेही असते.

पूर्ण शिष्यवृत्ती मिळेल असं धरून चालावं का?

नाही. रोइंगमध्ये रक्कम तुकड्यांत वाटली जाते: कुणाला २५ टक्के, कुणाला फक्त पुस्तकांचे पैसे, कुणाला पहिल्या वर्षी काहीच नाही आणि दुसऱ्या वर्षापासून निम्मी. हिशेब असा मांडा. समजा विद्यापीठाचा वर्षाचा एकूण खर्च ६०,००० डॉलर आहे. खेळाचे ४० टक्के म्हणजे २४,००० मिळाले, गुणवत्तेचे १५,००० मिळाले. उरले २१,००० डॉलर, आणि तेही दरवर्षी, चार वर्षं. त्यात विमानाचं तिकीट आणि काही ठिकाणी आरोग्यविमा वेगळा. खासगी विद्यापीठांचा एकूण खर्च आता ८० ते ९० हजार डॉलरच्या घरात आहे, त्यामुळे तिथली 'निम्मी' शिष्यवृत्तीसुद्धा घरावर मोठं कर्ज चढवू शकते. टक्केवारी ऐकून हुरळून जाऊ नका, खिशातून जाणारी रक्कम विचारा.

अर्गवर किती वेळ हवी?

सगळ्यात आधी विचारला जाणारा आकडा हाच: कॉन्सेप्ट-टू कंपनीच्या अर्गवर २,००० मीटरला लागलेला वेळ. कोच पुण्यातली तुमची बोट पाहू शकत नाही, पण अर्ग पुण्यात आणि सिएटलमध्ये सारखाच असतो.

ठोकताळे असे. मुलींमध्ये ७:१५ च्या आत वेळ असेल तर पहिल्या फळीचे संघ स्वतःहून चौकशी करतात. ७:१५ ते ७:३५ मध्ये डिव्हिजन वनचे बरेच संघ खुले असतात. ७:३५ ते ८:०० मध्ये उंची, वय आणि सुधारण्याचा वेग बघितला जातो. मुलांमध्ये वजनाची अट नसलेल्या गटात ६:१५ च्या आसपास मोठे संघ, ६:३० पर्यंत बाकीचे. लाइटवेट मुलांना कॉलेजात १६० पौंड, म्हणजे सुमारे ७२.५ किलोची मर्यादा असते. तिथे ६:३० च्या आसपासची वेळ बोलणं सुरू करायला पुरते.

वेळ कमी करणं म्हणजे किती ताकद वाढवणं हे नीट समजून घ्या. ८:०० म्हणजे ५०० मीटरला दोन मिनिटांचा स्प्लिट, त्यासाठी सरासरी २०३ वॅट लागतात. ७:४० ला २३० वॅट. ७:२० ला २६३ वॅट. प्रत्येक वीस सेकंदांची किंमत आधीच्या वीस सेकंदांपेक्षा जास्त आहे, कारण लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत वेळ भराभर उतरते आणि मग अडकते. तिथे घाबरून रोज जीव तोडून मारणं ही हमखास होणारी चूक आहे. आठवड्यातला बहुतेक सराव संथ असावा: मिनिटाला १८ ते २० स्ट्रोक, २० मिनिटांचे तीन टप्पे, मध्ये दोन मिनिटं विश्रांती, बोलता येईल इतपत दम. २,००० मीटरचा स्प्लिट १:५५ असेल तर या सरावाचा स्प्लिट २:१५ च्या आसपास पडतो. जोराचे सराव आठवड्यातून दोन पुरेत.

चाचणीच्या दिवशी काय बिघडतं? बहुतेकांचं पहिल्या ५०० मीटरला बिघडतं. उत्साहात १:४८ ने सुटायचं आणि १,२०० मीटरला पाय दगड व्हायचे. ७:४० चं लक्ष्य असेल तर टप्पे असे ठेवा: १:५४, १:५५.५, १:५६, १:५४.५. सुरुवातीचे पाच-सात स्ट्रोक जोरात, मग लगेच ठरलेल्या स्प्लिटवर स्थिर. तिसरे ५०० मीटर सगळ्यात कठीण जातात, तिथे स्प्लिट दोन सेकंदांनी ढळू दिला नाही तर शेवट आपोआप जमतो.

दुसरी चूक डॅम्परची, म्हणजे पंख्यात किती हवा जाईल ते ठरवणाऱ्या बाजूच्या दांड्याची. तो १० वर लावला म्हणजे जास्त वेग मिळेल असं नसतं, पाठ मात्र लवकर जाते. आकडा डॅम्परचा नव्हे, ड्रॅग फॅक्टरचा, म्हणजे पंखा प्रत्यक्षात किती अडवतो त्याचा बघायचा. मॉनिटरच्या मेनूत तो दिसतो. मुलींसाठी साधारण १०५ ते १२०, मुलांसाठी ११५ ते १३०. जिमच्या जुन्या यंत्रात पंख्याच्या जाळीत धूळ साचलेली असते, मग तोच ड्रॅग फॅक्टर मिळवायला डॅम्पर बराच वर न्यावा लागतो. जाळी साफ करून घ्या. चाचणी एप्रिल-मेच्या दुपारी बंद खोलीत देऊ नका. पहाटे, दारं-खिडक्या उघडून, समोर पंखा लावून द्या.

२,००० बरोबर ६,००० मीटरची वेळही विचारतात. तिचा स्प्लिट २,००० पेक्षा साधारण ८ सेकंदांनी मंद असणं अपेक्षित आहे. फरक बराच जास्त असेल तर कोचला कळतं की ताकद आहे पण दम कमी आहे.

वेळेचा पुरावा काय द्यायचा?

मॉनिटरचा स्पष्ट फोटो, ज्यात तारीख, एकूण वेळ, ५०० मीटरचे चारही टप्पे आणि स्ट्रोक रेट दिसतो. त्याशिवाय कॉन्सेप्ट-टूच्या ऑनलाइन लॉगबुकमध्ये अर्गडेटा अ‍ॅपमधून थेट नोंद करा, म्हणजे ती पडताळलेली दिसते. जिममधल्या दुसऱ्या कंपनीच्या रोइंग मशीनचा आकडा पाठवू नका, त्याला कुणी विचारत नाही. आकडा फुगवलात तर पहिल्याच महिन्यात संघाच्या चाचणीत उघडं पडतं.

उंची कमी असेल तर?

उंचीचा फायदा खरा आहे: लांब हात-पाय म्हणजे लांब स्ट्रोक. मोठे संघ मुलींमध्ये १७५ सेंटिमीटरच्या आणि मुलांमध्ये १८८ च्या आसपासचे खेळाडू शोधतात. पण १६६ सेंटिमीटरची मुलगी ७:२५ मारत असेल तर तिला कोणी उंचीवरून नाकारत नाही. उलट १८० सेंटिमीटरची व्हॉलीबॉल किंवा बास्केटबॉल खेळणारी मुलगी सहा महिन्यांच्या सरावात ७:५० वर आली, तर अनेक कोच तिच्यात पुढची दोन वर्षं बघतात. उंची, वजन आणि दोन्ही हात पसरून मोजलेली लांबी हे तिन्ही आकडे पत्रात खरे लिहा.

पाणी कुठे मिळेल? आमच्या गावात रोइंग नाही.

महाराष्ट्रात रोइंगचं मोठं ठिकाण म्हणजे पुणे. मुळेच्या काठावर सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजचा बोट क्लब आहे, जुना रॉयल कॉनॉट बोट क्लब आहे, आणि दापोडीला कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये लष्कराचं रोइंग केंद्र आहे. नाशिकलाही गोदावरीत सराव चालतो. प्रत्येक ठिकाणी प्रवेश कुणाला आणि कसा, हे आधी विचारून घ्या. लष्कराचं केंद्र अर्थातच सर्वांना खुलं नाही. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ लष्करात गेल्यावर पुण्यात रोइंग शिकले, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याच्या बोटीच्या शर्यतीत तेरावे आले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत क्वाड्रुपल स्कल्सचं सुवर्ण जिंकणाऱ्या चौघांत होते. लहानपणापासून बोटीत बसलेलं असण्याची गरज नाही, हे त्यांच्याकडे पाहून कळतं.

पाणी नसेल तर अर्गवर सुरू करा, आणि सुट्टीत निदान दोन-तीन आठवडे पाण्यावर जा. एकदाही बोटीत न बसलेल्या मुलीलाही नवख्यांच्या गटात घेणारे संघ आहेत, पण पहिल्या वर्षाची शिष्यवृत्ती अशा वेळी क्वचितच मिळते. आपल्याकडे बहुतेक जण स्कलिंग, म्हणजे दोन्ही हातांत एकेक वल्हं घेऊन शिकतात. अमेरिकी कॉलेजांत मुख्यतः स्वीप चालतं, दोन्ही हातांनी एकच लांब वल्हं. एनसीएएच्या स्पर्धेत दोन आठाच्या बोटी आणि एक चाराची, सगळ्या कॉक्ससह (कॉक्स म्हणजे बोट वळवणारा, वल्हं न मारणारा खेळाडू), असा २३ जणींचा संघ उतरतो. स्कलिंग येणाऱ्याला स्वीप जमायला फार वेळ लागत नाही, तेव्हा ते अडचण म्हणून पत्रात लिहू नका.

तयारी केव्हापासून?

एनसीएए नववीपासूनचे गुण मोजते. म्हणून तयारी नववीपासूनच हवी.

नववी-दहावीत खेळाची सवय, पोहणं आणि गुण. दहावी झाल्यानंतरच्या १५ जूनपासून डिव्हिजन वनचे कोच तुमच्याशी फोन, ईमेल, मेसेजवर बोलू शकतात. त्याआधी तुम्ही लिहिलंत तरी नियमाने त्यांना नीट उत्तर देता येत नाही, फक्त संघाचा माहितीफॉर्म पाठवता येतो. उत्तर आलं नाही म्हणून खट्टू होऊ नका. अकरावीचं वर्ष सर्वात महत्त्वाचं: त्या वर्षात चाचणीची वेळ खाली येताना दिसली पाहिजे आणि किमान २५-३० कोचांशी पत्रव्यवहार सुरू झाला पाहिजे. बारावीच्या पावसाळ्यात कॉलेज ठरतं, नोव्हेंबरच्या आसपास अर्ज जातो. नेमक्या त्याच काळात बारावीचे क्लास आणि सीईटी-जेईईची तयारी ऐन भरात असते. दोन्ही डगरींवर पाय ठेवायचा की नाही याचा निर्णय अकरावी संपताना घरात बसून घ्या. तो टाळला तर अर्गही सुटतो आणि गुणही.

कोचला पहिलं पत्र कसं लिहायचं?

आधी संघाच्या पानावरचा भरतीचा फॉर्म भरा, मग ईमेल. कोचला दिवसाला अशी खूप पत्रं येतात, म्हणून विषयाच्या ओळीतच सगळं आलं पाहिजे: नाव, बारावी पूर्ण होण्याचं वर्ष, देश, उंची, २,००० मीटरची वेळ. मजकूर दहा-बारा ओळींचा. त्यात शाळेचे टक्के, एसएटी ही अमेरिकी प्रवेशपरीक्षा दिली असेल तर गुण, वेळेचा गेल्या वर्षभरातला आलेख (मार्चमध्ये ८:०५, जुलैमध्ये ७:५२, नोव्हेंबरमध्ये ७:४१ असा), व्हिडिओची लिंक, तुमच्या प्रशिक्षकांचा ईमेल आणि याच विद्यापीठात कुठला विषय शिकायचा आहे ते. पत्र विद्यार्थ्याने स्वतः लिहावं. आई-बाबांच्या ईमेलवरून आलेलं पत्र कोचला लगेच ओळखू येतं आणि त्याने नुकसान होतं. एकच मजकूर पन्नास ठिकाणी पाठवताना दुसऱ्याच विद्यापीठाचं नाव राहून जातं, त्याकडेही लक्ष असू द्या.

दर सहा-आठ आठवड्यांनी, नवी वेळ किंवा नवा निकाल असेल तेव्हाच, दोन ओळी पाठवा.

व्हिडिओत काय हवं?

दीड मिनिट पुरे. संगीत, नावाच्या पाट्या, हळू केलेली दृश्यं काहीही नको. अर्गचा व्हिडिओ बरोबर बाजूने, कॅमेरा कमरेच्या उंचीवर स्थिर ठेवून, संपूर्ण शरीर दिसेल असा घ्या: ४५ सेकंद २० च्या रेटने, मग ३० सेकंद ३० च्या वर. कोच बघतो ते हे: पुढे आल्यावर नडग्या उभ्या आहेत का, आधी पाय ढकलतात की पाठ उघडते, हात वेळेआधी वाकतात का, परत येताना गुडघे वर येण्याआधी हात त्यांच्यापुढे गेलेत का. पाण्यावरचा असेल तर शेजारच्या बोटीतून, बाजूनेच.

गुण किती लागतात? आपले टक्के अमेरिकी मापात कसे बदलायचे?

बदलूच नका, ते काम एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरचं, म्हणजे खेळाडूंची पात्रता तपासणाऱ्या कार्यालयाचं. त्यांच्याकडे प्रत्येक देशासाठी ठरलेला तक्ता असतो. डिव्हिजन वनसाठी नववी ते बारावीत मिळून १६ मुख्य विषय आणि त्यांत ४ पैकी किमान २.३ सरासरी लागते: इंग्रजी चार वर्षं, गणित तीन, विज्ञान दोन, समाजशास्त्रं दोन, इंग्रजी-गणित-विज्ञानातलं आणखी एक, आणि इतर मान्य विषयांचे चार. १६ पैकी १० विषय बारावी सुरू होण्याआधी झालेले हवेत, आणि त्या १० पैकी ७ इंग्रजी, गणित व विज्ञानाचे. म्हणजे दहावीनंतर गणित सोडणाऱ्याने आधी हा हिशेब करावा. कॉमर्सचे किंवा व्यावसायिक विषय मुख्य म्हणून धरले जातीलच असं समजू नका.

नववीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका जपून ठेवा. नववी आणि अकरावीची प्रत अनेकांकडे नसते, कारण तिची इथे कुणाला गरज पडत नाही. शाळा बदलण्याआधीच शिक्क्यासह मागून घ्या. मराठी माध्यमाच्या कागदपत्रांना ओळीला ओळ जुळणारं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं, मूळ मराठी प्रतही सोबत द्यावी लागते.

एनसीएएने २०२३ पासून पात्रतेसाठी एसएटीची अट काढली, पण विद्यापीठांची अट वेगळी असू शकते: एमआयटी, हार्वर्ड, ब्राउन, डार्टमथ पुन्हा परीक्षा मागू लागले आहेत. आणि २.३ हा फक्त उंबरठा आहे. चांगल्या विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला त्याहून बरंच जास्त लागतं.

अकरावी-बारावी 'ज्युनियर कॉलेज'मध्ये केली. फॉर्ममध्ये काय लिहायचं?

माध्यमिक शाळा म्हणूनच नोंदवा. अमेरिकेत ज्युनियर कॉलेज म्हणजे बारावीनंतरची दोन वर्षांची संस्था. कागदावर नुसतं ते नाव गेलं तर तुम्ही आधीच कॉलेजात दाखल झालात असा अर्थ निघतो आणि फाइल महिनोन्‌महिने अडकते. प्राचार्यांकडून 'ही संस्था इयत्ता ११वी व १२वीचे उच्च माध्यमिक शिक्षण देते' असं लेटरहेडवर इंग्रजीत एक पत्र घ्या.

याहून मोठा धोका बारावीनंतर आहे. 'अमेरिकेचं होईपर्यंत एफवायला नाव घालून ठेवू' हा सल्ला सर्रास दिला जातो. पूर्णवेळ कॉलेजात दाखल झालात की एनसीएएचं पाच वर्षांचं घड्याळ सुरू होतं, आणि पुढे तुम्ही नवे नव्हे, बदली विद्यार्थी ठरता. दहावीनंतर डिप्लोमाला गेलेल्यांनीही आधी एलिजिबिलिटी सेंटरला लेखी विचारावं. बारावीनंतर एक वर्ष थांबायला साधारणपणे हरकत नसते. त्यापुढे संघटित स्पर्धा खेळत राहिलात तर खेळायचे हंगाम कापले जाऊ शकतात. हे नियम सध्या बदलत आहेत, म्हणून आपल्या प्रवेशवर्षाचे नियम नव्याने तपासा.

रोख बक्षीस घेतलं तर चालतं का?

पात्रतेच्या प्रश्नावलीत सगळं नोंदवावं लागतं: बक्षिसं, सरकारी रोख पुरस्कार, प्रायोजक, क्रीडाकोट्यातली नोकरी, पगार. स्पर्धेचा खर्च भागेल इतकं बक्षीस सहसा अडचणीचं नसतं. मोठा पुरस्कार जाहीर झाला तर तो स्वीकारण्याआधी विद्यापीठाच्या कम्प्लायन्स (खेळाचे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या) कार्यालयाला ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. लपवलेलं नंतर सापडलं तर संघाबाहेर बसवतात, सांगितलेल्यावर मार्ग निघतो.

एजन्सीला पैसे द्यावेत का?

एजन्सी पत्रं लिहून देते, यादी देते. हे घरीही होतं. द्यायचेच असतील तर एक नियम लक्षात ठेवा: शिष्यवृत्तीच्या रकमेवर टक्केवारी घेणारी सेवा एनसीएएच्या नियमात बसत नाही आणि पात्रता धोक्यात आणते. 'खात्रीशीर शिष्यवृत्ती' देणारा तर कुणीच नसतो.

कोच म्हणाले, 'तुला घेतलं'. झालं का?

नाही. तोंडी शब्द कुणालाच बांधील नसतो. नॅशनल लेटर ऑफ इंटेंट हा जुना कागद ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द झाला. आता विद्यापीठाच्या आर्थिक मदत कार्यालयाचा सहीचा करार हाच खरा कागद. त्यात चार गोष्टी शोधा: रक्कम डॉलरमध्ये की टक्क्यांत (डॉलरमध्ये असेल तर फी वाढल्यावर फरक तुमच्या माथी), किती वर्षांसाठी, दुखापत झाल्यास काय, आणि कोणत्या कारणांनी रद्द होईल. स्वतःहून संघ सोडला किंवा अभ्यासात अपात्र ठरलात तर मदत थांबते, हे सगळीकडे असतं. कोच बदलल्यास काय होतं हेही विचारा, रोइंगमध्ये कोच बदलतात.

तिथे गेल्यावर अभ्यास जमतो का?

नियमाने हंगामात आठवड्याला २० तास सराव आणि एक दिवस सुट्टी. प्रत्यक्षात बोट वाहून नेणं, बस, स्ट्रेचिंग, फिजिओ धरून वेळ जास्त जातो. पहाटे साडेपाच-सहाला पाण्यावर, मग वर्ग, दुपारी वजनं किंवा अर्ग. शरदात लांब पल्ल्याच्या शर्यती (बोस्टनची हेड ऑफ द चार्ल्स ऑक्टोबरमध्ये), हिवाळ्यात बंद हॉलमधला अर्ग, मार्च ते मे २,००० मीटरच्या शर्यती. इंजिनिअरिंगच्या दुपारच्या प्रयोगशाळा सरावाच्या वेळेशी भिडतात, म्हणून संघात सध्या किती मुली इंजिनिअरिंग करत आहेत हे कोचला विचारा. उत्तर 'एकही नाही' असेल तर समजून जा.

पहिल्या हिवाळ्यात घरची आठवण आणि सराव एकदम अंगावर येतात. बरगडीचा ताणामुळे होणारा फ्रॅक्चर आणि कंबरदुखी ही रोअरची नेहमीची दुखणी. बरगडीत खोल श्वासाला कळ आली की लगेच सांगा, दोन आठवडे लपवलं तर दोन महिने जातात.

वैद्यकीय तपासणीत काय मागतात?

बहुतेक संघ पोहण्याची चाचणी घेतात. शिवाय एनसीएएला सिकलसेलच्या चाचणीचा अहवाल लागतो. विदर्भात, नंदुरबार-गडचिरोलीकडे सिकलसेलचे वाहक बरेच आहेत, तिकडच्या मुलांनी इथेच चाचणी करून घ्यावी. वाहक असल्याने खेळायला बंदी येत नाही, उन्हातला आणि अतिजोराचा सराव तेवढा बेताने दिला जातो. अहवाल कोचपासून लपवणं मात्र जिवावर बेतू शकतं.

मी बुटका आणि हलका आहे, पण बोटीचं वेड आहे.

कॉक्स व्हा. बोट वळवणं, शर्यतीचा डाव ठरवणं, आठ जणांना आवाजाने एकत्र ठेवणं हे त्याचं काम, आणि मुलांच्या संघातही मुली कॉक्स असतात. इथे अर्गची वेळ विचारत नाहीत, शर्यतीतल्या तुमच्या आवाजाचं रेकॉर्डिंग मागतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत कॉक्सचं किमान वजन ५५ किलो धरतात, कमी असल्यास वाळूची पिशवी ठेवावी लागते. तेव्हा उपाशी राहून वजन उतरवण्यात अर्थ नाही. अस्खलित इंग्रजी मात्र हवं.

व्हिसा, कर आणि जाहिरातींचं उत्पन्न?

विद्यापीठाकडून आय-ट्वेंटी हा विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा कागद येतो. त्यासाठी शिष्यवृत्ती वजा जाता उरलेला पहिल्या वर्षाचा खर्च बँकेत किंवा मंजूर कर्जात दाखवावा लागतो. मग परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचं ३५० डॉलर सेव्हिस शुल्क, व्हिसाच्या अर्जाचा डीएस-१६० फॉर्म आणि मुंबईच्या वकिलातीत मुलाखत. करार सही होताच तारखा शोधायला लागा, उन्हाळ्यात त्या मिळणं कठीण होतं. मुलाखतीत आधी शिक्षण, मग रोइंग, याच क्रमाने बोला.

फी आणि पुस्तकांपुरत्या शिष्यवृत्तीवर कर नसतो. राहण्या-जेवण्याच्या भागावर असतो, आणि परदेशी विद्यार्थ्याच्या त्या भागातून साधारण १४ टक्के आधीच कापले जातात. भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्याला विवरणपत्रात प्रमाणित वजावट घेता येते, त्यामुळे कापलेल्यातला बराच भाग परत मिळू शकतो. बाकीच्या बहुतेक देशांच्या मुलांना ही सोय नाही, म्हणून संघातल्या मैत्रिणीचं ऐकून विवरणपत्र भरू नका.

नाव आणि चेहरा वापरून जाहिरातीतून कमावण्याची मुभा अमेरिकी खेळाडूंना आहे. एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या विद्यार्थ्याने मात्र त्यात उतरू नये, ते बेकायदा काम ठरून व्हिसाच जाऊ शकतो. अमेरिकेत असताना कुणी बुटांची जोडी देऊन इन्स्टाग्रामवर फोटो टाकायला सांगितलं, तरी आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारा.